गाईचं वजन, आठवीचं गणित आणि शाळाभेटीला आलेले शिक्षक

शाळा सुरू झाल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्रकं यायला लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एक शब्द हमखास असतो: प्रकल्पाधारित अध्ययन. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले 10 दिवस दप्तराविना ठेवायची कल्पना मांडली. 2023 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा त्याच वाटेने गेला. आपल्याकडे नवा अभ्यासक्रम 2025-26 पासून, पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. शिक्षक विचारतात, म्हणजे वर्गात नेमकं करायचं काय? वरून उत्तर येतं, अमक्या शाळेत छान चाललंय, बघून या.

पालकांना मात्र 'प्रकल्प' म्हटलं की वेगळंच आठवतं. रविवारी रात्री नऊला पोरगं सांगतं, उद्या प्रकल्प द्यायचाय. मग बाबा स्टेशनरीच्या दुकानात, आई कात्री आणि फेव्हिकॉल घेऊन जमिनीवर, नेटवरून काढलेल्या रंगीत प्रिंटा, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी. पहिल्या पानावर प्रस्तावना, शेवटच्या पानावर ऋणनिर्देश. ज्याचे आभार मानायला हवेत त्या बाबांचं नाव त्यात नसतं. बरं, प्रकल्प आपल्याला नवा नाही. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत 'प्रकल्प' आहेच. मग आता नवीन काय सांगतायत?

आधी व्याख्या, एकदाच

नेहमीचा क्रम असा असतो: धडा शिकवायचा, स्वाध्याय सोडवून घ्यायचा, चाचणी घ्यायची आणि उरलेल्या वेळात, बहुधा घरी, प्रकल्प करायला सांगायचा. प्रकल्प केला नाही तरी धडा पुरा होतो.

प्रकल्पाधारित अध्ययनात धडाच प्रकल्पातून शिकवायचा असतो. सुरुवातीला मुलांपुढे एक खरा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही. तो सोडवायला जे गणित, जे विज्ञान, जी भाषा लागते ती वाटेत शिकवली जाते, आणि शिक्षकच शिकवतो. काम काही आठवडे चालतं. मधे मधे तपासलं जातं, चुकलं तर पुन्हा केलं जातं, आणि शेवटी वर्गाबाहेरच्या कुणापुढे तरी मांडलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. प्रकल्प काढून टाकला आणि तरी तुमचं शिकवणं जसंच्या तसं उरलं, तर तो जुनाच प्रकल्प.

एवढं वाचून मलाही काही कळलं नव्हतं. मी गणित शिकवतो. मला कळलं ते दुसऱ्या तालुक्यातल्या एका आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर. शाळेचं नाव देत नाही, कारण तिथल्या सरांना गर्दी नको आहे.

गाईचं वजन कसं करायचं?

त्या गावात दुधाचा धंदा आहे, बहुतेक मुलांच्या घरी गोठा. फळ्यावर प्रश्न लिहिलेला होता: आपल्या गाईला रोज किती चारा लागतो, आणि आपण किती घालतो?

चारा वजनावर ठरतो. आता गाय काट्यावर कोण उभी करणार? त्यासाठी जनावरांच्या कामात एक ढोबळ सूत्र वापरतात. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे शेपटीजवळच्या, हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660. उत्तर किलोत येतं. घेर 60 इंच आणि लांबी 50 इंच असेल तर 1,80,000 भागिले 660, म्हणजे 273 किलोच्या आसपास.

मी गेलो त्या दिवशी वर्गात भांडण लागलं होतं. एका गटाने एका गाईचा घेर 60 इंच लिहून आणला होता, दुसऱ्या गटाने त्याच गाईचा 63. त्या 63 ने वजन 301 किलो येत होतं. तीन इंचांत 28 किलो! सरांनी निकाल दिला नाही. म्हणाले, टेप कुठून कसा धरला ते एकमेकांना दाखवा. एका मुलाला गाय करून उभं केलं, हसाहशी झाली, आणि कळलं की दुसऱ्या गटाने टेप तिरपा, खांद्यावरून नेला होता. तरी एक मुलगी अडून बसली: तीन इंच म्हणजे एवढेसे, मग वजन एवढं कसं वाढतं? तिथे सर थांबले. घेर 5 टक्क्यांनी वाढला, वजन 10 टक्क्यांहून थोडं जास्त वाढलं. सूत्रात वर्ग आहे म्हणून. वर्ग ही चीज मी इतकी वर्षं शिकवतो आहे, पण मला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. विचारण्याची वेळच मी आणलेली नाही, असं म्हणा.

त्यानंतरचा भाग तर मी वहीत उतरवून घेतला. आठवीच्या पुस्तकात पृष्ठफळ व घनफळ हे प्रकरण आहे, त्यात वृत्तचिती, म्हणजे नळकांड्याचा आकार, आहे. सर म्हणाले, गाईचं धड ही आडवी वृत्तचिती धरा. परीघ 60 इंच, उंची 50 इंच, काढा घनफळ. ते आलं 14,324 घन इंच, म्हणजे 235 लिटरच्या आसपास. शरीराची घनता पाण्याच्या जवळपास धरली तर 235 किलो. सूत्र मात्र 273 सांगतंय. मग वरचे 38 किलो कुठले? वर्ग गप्प. मग खिडकीपाशी बसलेलं एक पोरगं ओरडलं, "सर, मुंडकं!" मुंडकं, मान, चार पाय, शेपूट हे वृत्तचितीत धरलेच नव्हते. गाय काही नळकांडं नसते आणि हिशेब ढोबळच आहे, पण आपलं मॉडेल कशाला धरतं आणि काय सोडतं, हे त्या वर्गाला आठवीत कळलं. एकाने 660 कुठून आला तेही शोधून आणलं होतं: मूळ सूत्र पौंडांत, त्यात भाजक 300, आणि किलोत 2.2 पौंड.

पुढे चारा. गाईला रोज वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के शुष्क चारा लागतो. शुष्क म्हणजे त्यातलं पाणी वजा करून उरलेला. 273 किलोच्या गाईला झाले 7 ते 8 किलो. हिरव्या मक्यात शुष्क भाग पाचवा हिस्सा असतो, बाकी पाणी. कडब्यात उलट, पाणी दहाव्या हिश्श्याइतकंच. ज्या घरी 10 किलो मका आणि 4 किलो कडबा घालतात तिथे शुष्क चारा 5.6 किलो भरतो. म्हणजे पाटी भरलेली दिसते, पोट भरत नाही. मुलांनी घरोघरचे असे तक्ते करून गावातल्या दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावले. पहिल्याच सकाळी एका शेतकऱ्याने विचारलं, "आम्ही पेंड घालतो ती कुठं धरली?" धरलीच नव्हती. तक्ते काढून आणले, नवा रकाना आखला, पुन्हा घरोघर विचारलं, पुन्हा लावले.

एक गोष्ट इथे ठळक सांगायला हवी. वृत्तचितीचं घनफळ सरांनी फळ्यावर, नेहमीसारखं, तासभर शिकवलं होतं आणि पुस्तकातली उदाहरणंही सोडवून घेतली होती. गाईला टेप लावून कुणाला सूत्र सापडत नाही. फरक इतकाच की ते शिकवलं तेव्हा मुलांना ते हवं होतं.

हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे का?

शिक्षकांच्या खोलीत हा आक्षेप पहिला येतो, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. 'प्रकल्प पद्धती' हे नाव रूढ झालं ते विल्यम किलपॅट्रिक यांच्या 1918 च्या एका निबंधाने. त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा काढली होती. तिथली मुलं कापूस आणि लोकर हाताळायची. अर्धा तास बोंडातून सरकी काढत बसल्यावर हातात एक औंसही कापूस आला नाही, आणि आपल्या पूर्वजांनी सुतीऐवजी लोकरीचे कपडे का वापरले हे मुलांना न सांगता समजलं, असं ड्युईंनी नोंदवून ठेवलं आहे.

पण कापूस म्हटल्यावर विदर्भातल्या माणसाला वर्धा आठवायला हवं. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. मध्यभागी हस्तोद्योग, आणि त्याच्याशी गणित, भाषा, इतिहास, भूगोल जोडायचे. याला आपल्याकडे समवाय म्हणतात. टकळीवर सूत काढायचं, तार मोजायचे, त्यातून गणित. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या अपेक्षेवर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्तच होती. सेवाग्रामला 2005 पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा नई तालीमच्या विचारावर चालते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधले हे संशोधक गावात येऊन राहिले, आणि त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात हायस्कूलची मुलं माती तपासतात, वेल्डिंग करतात, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजतात. तेव्हा बघायला जायचं तर विमानाचं तिकीट लागत नाही, एसटी पुरते.

मग शाळाभेटीला जाऊन बघायचं काय?

आपल्याकडच्या शाळाभेटी बहुधा प्रदर्शनाच्या दिवशी ठरतात, आणि तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो. घर आवरलेलं, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, प्रश्न ठरलेले, उत्तरं पाठ. त्या घरात रोज कोण भांडी घासतं ते त्या तासाभरात कळत नाही.

आमच्या भेटींचं वेळापत्रक कुणाही शिक्षकाला ओळखीचं वाटेल. लेझीम, औक्षण, मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. मग वर्गावर्गातून फेरी, फोटो, जेवण, आणि गाडी लावलेली असते म्हणून परत. फोटो कशाचे? तक्त्यांचे, भिंतींचे, मॉडेलांचे. जे शिकून झाल्यावर उरतं त्याचे.

याचा परिणाम आपण पाहिलेला आहे. 2015 च्या आसपास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचारावरच्या, कामासाठी राज्यभर गाजल्या. ठिकठिकाणचे शिक्षक बघायला गेले. तिथे मुलं जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून गटात काम करताना दिसायची. त्यानंतर किती तरी शाळांत फरशीवर ऑइलपेंटने त्याच आकृत्या उमटल्या. अनेक ठिकाणी उमटल्या तेवढंच झालं; दोन पावसाळ्यांत रंग उडाला, शिकवणं होतं तसंच राहिलं. कुमठ्याचा यात दोष नाही. रंग डोळ्यांना दिसतो, मुलांनी काय विचारलं आणि बाईंनी त्यावर काय केलं हे दिसायला तिथे बसून राहावं लागतं.

जपानी शिक्षकांची यावर एक जुनी रीत आहे, जुग्यो केंक्यू. एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे बघतात, नंतर सगळे बसून चर्चा करतात. बघणारे शिकवणाऱ्याकडे फारसे बघतच नाहीत, मुलांकडे बघतात. मी ते करून पाहिलं. चार मुलांच्या एका गटाशेजारी खाली बसलो आणि तास संपेपर्यंत हललो नाही. समोर उभं राहून वर्ग बघितला असता तर 'मुलं रमली होती' असं अहवालात लिहून मोकळा झालो असतो. खाली बसल्यावर दिसलं की चौघांतला एक मुलगा फक्त टेपचं टोक धरतोय. आकडेमोड दोघी करतायत, चौथा लिहून घेतोय, आणि याने पूर्ण तासात एकदाही गुणाकार केला नाही.

हे मी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, माहितीय. टेबलाच्या खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. तास संपताना प्रत्येक मूल एकेकटं, शेजाऱ्याला न विचारता, तीन ओळी लिहून देतं: आज काय केलं, काय अडलं, हे एक उदाहरण सोडव. त्या मुलाच्या चिठ्ठीत आदल्या दिवशीही उदाहरण कोरंच होतं. दुसऱ्या दिवशी सर त्याला वेगळा घेऊन बसणार होते. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा कणा तो गठ्ठा होता, आणि त्याचा फोटो कुणीच काढला नाही.

तेव्हा भेटीला जाणाऱ्यांनी मागून बघाव्यात अशा गोष्टी: मुलांच्या कच्च्या वह्या. रद्द झालेले तक्ते. शिक्षकाचं टाचण, त्यातल्या खाडाखोडीसकट. कोणते धडे या प्रकल्पात घेतले आणि कोणते मुद्दाम बाहेर ठेवले. कुठल्या आठवड्यात सगळं विस्कटलं होतं. यजमान शिक्षक मोकळा असेल तर हे आनंदाने सांगतो. उलट 'सगळं छान झालं' एवढंच सांगत असेल तर समजायचं की आपण पाहुणे म्हणून आलोय. आणि भेट प्रकल्पाच्या मध्यावर मागावी, शेवटी नको. शक्य असेल तर दोघांनी जावं, कारण परत येताना एसटीत भांडायला कुणी तरी लागतं.

अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?

या आक्षेपाला मी मान देतो, कारण वार्षिक नियोजन माझ्याही डोक्यावर असतं. उत्तर असं की सगळा अभ्यासक्रम प्रकल्पात बसवायचाच नाही. त्या सरांनी वर्षाला दोनच प्रकल्प ठेवले आहेत. गाईच्या प्रकल्पात घनफळ, वर्ग, शेकडेवारी, सरासरी आली; मराठीच्या बाईंनी दूध केंद्राच्या चेअरमनना लिहायचं पत्र घेतलं. बैजिक राशींचे अवयव, बहुपदींचा भागाकार हे त्यांनी सरळ फळ्यावर शिकवलं. ज्या धड्याला प्रकल्प चिकटत नाही त्याला तो ओढूनताणून चिकटवला की मुलांना लगेच कळतं, आणि शिक्षकालाही.

वेळ लागतो, हे खरंच. चार तासांचं प्रकरण सहा-सात तास खातं. पण जी चार प्रकरणं एकत्र आली त्यांची उजळणी वेगळी घ्यावी लागली नाही, असा त्यांचा हिशेब आहे. तो हिशेब प्रत्येक शाळेत जमेलच असं नाही.

परीक्षेत मार्क पडतात का?

यावर संशोधन आहे आणि ते एका बाजूने बोलत नाही. अमेरिकेत 2021 मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, दोन्हीत शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटलेल्या. एकात हायस्कूलच्या मुलांनी महाविद्यालयीन पातळीचे विषय प्रकल्पांतून शिकले. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा सुमारे 8 टक्के-अंकांनी जास्त निघालं. दुसऱ्यात तिसरीच्या मुलांचं विज्ञान होतं, तिथेही फरक तेवढ्याच सुमाराचा. दोन्ही ठिकाणी शिक्षकांना वर्षभर प्रशिक्षण आणि तयार पाठ मिळाले होते, हे विसरू नये.

इंग्लंडमध्ये 2016 मध्ये आलेल्या अभ्यासाने मात्र निराशा केली. साक्षरतेवर स्पष्ट फायदा दिसला नाही, गरीब घरच्या मुलांचं थोडं नुकसानच झालं असावं असे आकडे निघाले, आणि बऱ्याच शाळांनी प्रयोग मध्येच सोडला. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी 2006 मध्येच इशारा दिला होता: ज्याला विषय नवा आहे त्याला 'तूच शोध' म्हणून सोडून दिलं तर त्याची ताकद चाचपडण्यातच संपते. त्याला आधी नीट सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात.

मला यात विरोध दिसत नाही. गाईच्या वर्गात सर गप्प दिसत होते, पण त्यांनी आधी शिकवलं होतं, रोज चिठ्ठ्या वाचत होते. ते काढून घेतलं आणि नुसता टेप मुलांच्या हातात दिला तर इंग्लंडसारखंच होईल. आणि ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याला प्रकल्पातून वाचता येईल या भरवशावर कुणी राहू नये. त्याला वाचायला शिकवावं लागतं, वेगळा वेळ काढून.

एक राबतो, बाकीचे फुकट मार्क घेतात, त्याचं काय?

चिठ्ठ्यांचं वर आलंच. गुणांचं सूत्र त्या शाळेत असं आहे की गटाच्या कामाला थोडे गुण, एकेकट्याच्या कामाला जास्त. शेवटी चाचणीही होते, लेखी, साधी, पुस्तकातल्या उदाहरणांची. निकष प्रकल्प सुरू होतानाच भिंतीवर लावलेले: मोजमाप किती वेळा घेतलं, चूक सापडल्यावर काय केलं, बाहेरच्या माणसाला समजेल असं मांडलं का. सजावटीला गुण शून्य. हे वाचून एका पालकांनी सरांना विचारलं म्हणे, मग आमची मुलगी इतकी छान बॉर्डर काढते त्याचं काय? सरांनी तिला दूध केंद्राच्या तक्त्याचं शीर्षक लिहायला दिलं, गुण मात्र दिले नाहीत.

दोनशिक्षकी शाळेत, साठच्या वर्गात?

बहुवर्ग शाळेत हे उलट सोपं जातं, असं तिथे काम करणारे शिक्षक सांगतात. चौथीची मुलं मोजतात, दुसरीची मोजलेलं मांडतात, एकच प्रश्न सगळ्यांना पुरतो. साठ मुलांच्या वर्गात मात्र पंधरा गट आणि एक शिक्षक हे गणित अवघड आहे, आणि कुणी 'जमतं हो' म्हणत असेल तर त्याचा वर्ग जाऊन बघावा. अशा ठिकाणी दोन तुकड्यांच्या शिक्षकांनी मिळून एक प्रकल्प घेणं, किंवा काम बाहेर नेण्याऐवजी वर्गातल्या वर्गात ठेवणं, एवढंच सुचवता येईल. साहित्याचा खर्च हा आक्षेप मला पटत नाही. शिंप्याचा टेप दहा-वीस रुपयांना मिळतो, आणि घरून काही विकत आणायला सांगितलं की प्रकल्प पालकांचा झालाच म्हणून समजा.

परत आल्यावर

आमच्या शाळेच्या आसपास गोठे नाहीत, तालुक्याचं गाव आहे. त्यामुळे गाय जशीच्या तशी उचलली असती तर तो फरशीवरचा ऑइलपेंटच झाला असता. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, बसून आम्ही प्रश्न शोधला: शाळेच्या गच्चीवरची टाकी सकाळी भरते, मग दुपारी दोनलाच पाणी का संपतं? याचं उत्तर मलाही माहीत नाही, आणि हीच त्या प्रश्नाची मोठी पात्रता. घनफळ यात आहे, सरासरी आहे, आलेख आहे. विज्ञानाच्या बाई गळक्या नळांचं बघणार आहेत. शेवटचं मांडणं शाळा व्यवस्थापन समितीपुढे, कारण नळ बदलायचे तर पैसे तिथून निघतात.

सध्या आठवीच्या वर्गाला टाकीवर छापलेल्या लिटरवरच शंका आहे. आतली उंची बाहेरून कशी मोजायची यावर दोन गटांत जुंपली आहे. आत कुणीही उतरणार नाही, एवढं मात्र मी आधीच सांगून टाकलंय.